धुवायला घेतलेली बंदूक

स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर फोरसाइथ नावाचे एक पाद्री होऊन गेले. त्यांना पाखरांच्या शिकारीचा नाद होता आणि त्यातून आलेली एक तक्रारही होती. चकमकीच्या बंदुकीचा चाप ओढला की आधी बाहेरची रंजक भडकायची. ती पाखराला दिसायची. मागाहून छर्रे पोहोचेपर्यंत पाखरू आपल्या कामाला निघून गेलेलं असायचं. दुसरा कुणी असता तर पाखरांना नावं ठेवून प्रवचनाकडे वळला असता. ह्या गृहस्थांनी नुसत्या आघाताने पेट घेणारं रसायन बंदुकीला जोडलं आणि १८०७ साली त्याचं पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे टोपीची बंदूक आली, मग काडतूस आलं, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून चाललेला चकमकीचा जाच संपला.

१९७४ साली पेनसिल्व्हेनिया राज्याने तो परत सुरू केला.

सक्ती नाही, हे मान्य करायला हवं. नाताळ उलटला की हरणाच्या शिकारीचा एक वेगळा हंगाम लागतो आणि त्यात फक्त चकमकीची बंदूक चालते. ज्यांना हे नको त्यांनी घरी बसावं. मी पेनसिल्व्हेनियात राहतो. हरणाशी माझं वैर नाही. आमच्या परसातले सगळे ट्यूलिप त्याने खाल्ले, तरीही नाही. माझी अपेक्षा एवढीच होती की पन्नास यार्डांवरच्या कागदावर नेम धरावा आणि गोळी साधारण त्या दिशेने जावी. त्यातून मी राहतो लँकेस्टर परगण्यात. अठराव्या शतकात इथल्या जर्मन कारागिरांनी ही लांब नळीची रायफल घडवली, आणि पुढे ती प्रसिद्ध झाली केंटकीच्या नावाने. घडवणारे एक आणि नाव दुसऱ्याचं, ह्याचा इथल्या लोकांना अजून राग आहे. तो मी माझ्या यादीत घेत नाही. यादी आधीच लांब आहे.

अमेरिकेच्या १९६८च्या कायद्यानुसार ही बंदूक म्हणजे बंदूक नव्हे. ती पुराणवस्तू आहे. स्पेनमधल्या कारखान्यातून ह्याच वर्षी बाहेर पडली असली तरी पुराणवस्तूच. त्यामुळे ती घरपोच येते. कुरिअरवाल्याने ती दारात, बासमतीच्या पोत्याशेजारी उभी करून ठेवली आणि बेल न वाजवता तो निघून गेला. तिच्यात घालायची काळी दारू मात्र स्फोटक. ती साठवायचे नियम कडक, म्हणून बरीच दुकानं ती ठेवतच नाहीत. ती दुकानं दारूचा पर्याय म्हणून निघालेली एक भुकटी विकतात. भुकटी चांगली असते, पण तिला पेटायला जास्त उष्णता लागते आणि गारगोटीच्या ठिणगीला ती दाद देत नाही. म्हणजे ही बंदूक सोडून बाकी सगळ्यांना ती उपयोगी. खरी दारू बाहेरून मागवायची तर धोकादायक मालाचं वेगळं शुल्क पडतं, आणि ते एका डब्याला जेवढं तेवढंच अख्ख्या खोक्याला. म्हणून इथे चार लोक मिळून दारूची भिशी लावतात. मी भिशीत आहे. माझा नंबर अजून लागायचा आहे.

सिंधुदुर्गात माझ्या काकांकडे ठासणीची बंदूक आहे, शेतीच्या संरक्षणासाठी परवान्यावर घेतलेली. तिला परवाना, परवान्याला नूतनीकरण, नूतनीकरणाला खेटे, आणि निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा. रानडुकरांना आचारसंहिता लागू नसल्यामुळे ती नेमकी त्याच दिवसांत भातात उतरतात. काकांची बंदूक टोपीची, म्हणजे फोरसाइथसाहेबांच्या नंतरची. माझ्या बंदुकीबद्दल मी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘टोपयो मिळतत थय?’ मी म्हटलं, टोपी नाही काका, गारगोटी. पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं फोन तुटला. मग ते म्हणाले, ‘माज्या पणज्यान सोडल्यान ती.’

आता ह्या यंत्राची रचना सांगतो, म्हणजे तक्रार कुणाविरुद्ध आहे ते स्पष्ट होईल. आधी मापाने दारू नळीत ओतायची. मग नळीच्या तोंडावर वंगण लावलेली चिंधी, चिंधीवर शिशाची गोळी, आणि ती गजाने दाबत दाबत थेट दारूवर नेऊन बसवायची. मधे कुठे राहिली तर नळी फुटायची भीती. मग घोडा अर्धा चढवायचा. नळीच्या बुडाशी एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. त्या कानाला लागून बाहेर एक लहानशी वाटी असते. तिच्यात चिमूटभर बारीक दारू घालायची, हीच ती रंजक, आणि वरून पोलादी झाकण मिटायचं. घोडा पूर्ण चढवून चाप ओढला की घोड्याच्या जबड्यातली गारगोटी झाकणावर घासते, झाकण उघडतं, ठिणग्या वाटीत पडतात, रंजक पेटते, तिची आग कानातून आत जाते, आतली दारू पेटते आणि गोळी सुटते. ह्या साखळीतला प्रत्येक दुवा स्वतंत्र बाण्याचा आहे आणि दुसऱ्या दुव्याचं ऐकून घेत नाही.

त्यामुळे चाप ओढल्यावर काय होईल हे सांगता येत नाही. कधी बार निघतो. कधी नुसती वाटी भडकते, धुराचा एक ढग कपाळावर येतो आणि नळीच्या आत कुणी राहतच नसावं अशी शांतता. कधी काहीच होत नाही. मग नळी तशीच कागदाकडे रोखून मिनिटभर थांबावं लागतं, कारण आत एखादी ठिणगी अजून विचार करत असण्याची शक्यता असते. पूर्वीच्या सैन्यांत ह्या बंदुका कशा चालत असतील, असं लोक विचारतात. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींसाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉट कारागिराच्या देखरेखीखाली चकमकीच्या बंदुका बनत. पण त्या शिपायांना कुणी नेम धरायला सांगत नसे. शेकडो जणांनी एका हुकमासरशी बार काढायचा, निम्म्यांचा फुसका निघाला तरी ज्याचा त्यालाच ठाऊक. इथे रेंजवर मी एकटाच असतो आणि सगळे बघत असतात.

रेंज म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याचं लांब छप्पर आणि त्याखाली ओळीने मांडलेली टेबलं. बार निघतो तेव्हा गोळी पुढे जाते आणि कानातून आगीची एक जीभ उजवीकडे आडवी बाहेर पडते. उजव्या हाताच्या माणसाला ते आवडत नाही. त्याच्याकडे दुर्बीण लावलेली आधुनिक रायफल असते, त्याचा नेम कधीच बसलेला असतो आणि तो केवळ खात्री करायला आलेला असतो. म्हणून मला कायम उजवीकडचं शेवटचं टेबल मिळतं. छप्पर तिथेच संपतं. पत्र्यावरचं दव आणि बर्फाचं पाणी तिथूनच ठिबकतं, आणि काळ्या दारूला तर हवेतला ओलावासुद्धा पुरतो. वाटीत घातलेली कोरडी रंजक थोड्या वेळाने पाहावी तर तिची लापशी झालेली असते. ह्यावर उपाय म्हणून कातड्याचं एक टोपडं मिळतं, ते बंदुकीच्या कळीवर, म्हणजे घोडा, वाटी आणि झाकण ह्यांवर, बांधायचं. बांधलं. आता बार काढायच्या आधी टोपडं सोडावं लागतं, आणि ते सोडेपर्यंत ठिबकतंच.

ह्या रेंजवर एक आजोबा येतात. झालरी लावलेला हरणाच्या कातड्याचा अंगरखा, कमरेला दारूचं शिंग, खांद्याला झोळी. झोळीत काय नाही ते विचारावं. ते माझ्या शेजारी उभे राहतात आणि ज्ञान देतात. गारगोटी जबड्यात धरायची ती उतरती बाजू वर ठेवून. दुसरे एक गृहस्थ शनिवारी येतात, त्यांच्या मते उतरती बाजू खाली. गारगोटी इंग्लंडातल्या सफोकमधल्या ब्रँडन गावची काळी हवी. नेपोलियनशी लढणाऱ्या ब्रिटिश फौजेला गारगोट्या पुरवणारं ते गाव. शनिवारच्या गृहस्थांना फ्रान्सची मधाच्या रंगाची पसंत. सह्याद्रीत चालताना ठेच लागेल एवढ्या गारगोट्या पडलेल्या असतात, पण त्या ह्यांना चालत नाहीत. इतक्या लांबून मागवलेली ही गारगोटी काही दिवस बरी ठिणगी देते आणि मग बोथट होते. तेव्हा तिच्या कडेचे कपचे उडवून पुन्हा धार काढायची. ती धार पहिल्यांदा माझ्या अंगठ्यावर उतरली आणि मग झाकणावर. रंजक कानाला चिकटून ठेवावी की कानापासून लांब, वाटी काठोकाठ भरावी की अर्धी, ह्यावरही दोघांचं एकमत नाही. गोळी चुकली तर दोष माझा, एवढ्यावर मात्र आहे.

एकदा आजोबांनी मला भरलेली बंदूक हातात दिली आणि म्हणाले, मार. मी नेम धरला, चाप ओढला, वाटी भडकली, आणि नळीत काहीच नव्हतं. त्यांनी मुद्दामच दारू-गोळी न घालता नुसती रंजक ठेवली होती. ‘बघ, डोळे मिटलेस आणि नळी खाली दाबलीस,’ ते समाधानाने म्हणाले. आता नाकापासून वीतभर अंतरावर आगीचा भपका उठला की डोळा मिटावा, ही व्यवस्था मी केलेली नाही. ती फार जुनी आहे, तिच्यामुळे माणूसजात अजून डोळस आहे, आणि पेनसिल्व्हेनियातल्या एका टेबलापाशी ती बंद करावी असं मला वाटत नाही. ह्याच आजोबांनी पुढच्या रविवारी स्वतःच्या बंदुकीत दारू न घालताच गोळी ठासली. बोलायच्या भरात होतं असं. मग कानातून सुईने चिमूट चिमूट रंजक आत सारत बसले आणि शेवटी तेवढ्या बळावर गोळी बाहेर काढली. ती टेबलासमोरच्या गवतात पडली. आजोबा म्हणाले, बंदूक जुनी झाली.

नेम बसवणं म्हणजे बंदूक जिथे बघते आणि गोळी जिथे जाते ह्या दोन जागांचा समझोता. नळीच्या पुढच्या टोकाला पातळ पात्यासारखी माशी, मागे खाच, दोन्ही नळीत आडव्या चरांमध्ये घट्ट बसवलेल्या. गोळी डावी-उजवी जात असेल तर मागची खाच गोळीला जिकडे न्यायचं तिकडे सरकवायची, आणि पुढची माशी सरकवायची तर नेमकी उलट. गोळी खाली लागत असेल तर माशी कानशीने घासायची. माशी आखूड झाली की गोळी वर चढते. गोळी वर लागत असेल तर माशी उंच करायची, आणि पोलाद उंच करणारी कानस अजून निघालेली नाही.

गणित सोपं आहे, आणि मला गणितच येतं म्हणून मी त्यावर विसंबलो. खाच आणि माशी ह्यांत तीस इंचांचं अंतर. पन्नास यार्ड म्हणजे १,८०० इंच. गोळी तीन इंच डावीकडे लागत असेल तर खाच उजवीकडे सरकवायची एक विसांश इंच, म्हणजे सव्वा मिलिमीटर. हे सव्वा मिलिमीटर पितळी खिळा आणि हातोडी ह्यांनी साधायचं असतं. पहिले काही ठोके खाच ऐकतच नाही. ती चरात रुतून बसलेली, आपलं काही काम निघेल असं तिला वाटत नसतं. मग एका ठोक्याला ती एकदम मनावर घेते आणि सरळ दुसऱ्या टोकाला जाते.

पण खाच सरकवायची ती केव्हा? तीन गोळ्या निदान एकमेकींच्या आसपास लागल्या तर. माझ्या लागत नाहीत. एक डावीकडे खाली, दुसरी उजवीकडे वर, तिसरी कुठे ते धुरात कळत नाही आणि धूर विरल्यावरही कळत नाही. शेजारचे दुर्बीणवाले कधी कधी आपल्या भिंगातून पाहून सांगतात, ‘कागदावर नाही.’ त्यांना विचारलेलं नसतं.

सगळे जाणकार सांगतात, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघ. मी एकच बदलतो. बाकीच्या स्वतःहून बदलतात. दारू सत्तर ग्रेनची पंचाहत्तर करून पाहावी तर तोवर गारगोटी बोथट झालेली. गारगोटी नवी घालावी तर नळीत काजळी साचलेली. काजळी पुसावी तर चिंधीवरची थुंकी जास्त झाली आणि पुढचा बार ओला. चिंधीचंही एक शास्त्र आहे. नळी अर्ध्या इंचाची, गोळी ०.४९० इंचाची, उरलेली फट चिंधीने भरायची, तेव्हा कापड साधारण ०.०१५ इंच जाड आणि घट्ट विणीचं हवं. गादीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं सुती कापड उत्तम समजतात. मी कापडाच्या दुकानात मायक्रोमीटर घेऊन गेलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, किती मोठी गादी करायची आहे? मी म्हटलं, अर्ध्या इंचाची. त्यांनी एक वार कापून दिलं आणि माझ्याकडे न बघता पैसे घेतले. हे कापड आधी धुवावं लागतं, त्यातली खळ जायला हवी. मग वाळवायचं, कापायचं, मेण आणि चरबीच्या वंगणात भिजवायचं, आणि एक एक तुकडा गोळीबरोबर नळीत घालून जाळायचा. उडालेल्या चिंध्या गोळा करून आजोबा त्या उन्हाकडे धरून वाचतात. कड जळली म्हणजे वंगण कमी, चिरा पडल्या म्हणजे नळीच्या आतली धार चिंधी कापतेय. माझी चिंधी त्यांनी बराच वेळ पाहिली आणि माझा खांदा थोपटला.

इथवर आलेल्या वाचकाला वाटेल की तक्रार नेमाची आहे. नेम हा वाटेतला एक छोटा थांबा आहे. बंदूक घेतली जाते धुण्यासाठी.

काळी दारू म्हणजे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. एवढ्या काळात तिचं प्रमाण फारसं बदललेलं नाही, कारण तिला कुणी काही सांगायला गेलं नाही. आधुनिक दारू जळते आणि नाहीशी होते. ही जळते आणि तिचा निम्म्याहून जास्त हिस्सा घनरूपात मागे उरतो. काही धुरातून शेजाऱ्यांकडे जातो, राहिलेला नळीत बसतो. हा थर हवेतलं पाणी ओढून घेतो आणि पोलाद खायला लागतो. म्हणून ज्या दिवशी बार काढला त्याच दिवशी बंदूक धुतलीच पाहिजे. थकलो, पाहुणे आले, भारताची मॅच आहे, हे काही चालत नाही. रविवारी सकाळी थोडा वेळ बार काढायचे आणि उरलेला रविवार त्यांचं श्राद्ध घालायचं.

नवी बंदूक असली तरी सुटका नाही. कारखान्यातून येताना नळीत गंज लागू नये म्हणून चिकट लेप भरलेला असतो, तो पहिल्या बाराच्या आधी पूर्ण काढायचा. म्हणजे मी ती धुतली, मग काळी केली, मग परत धुतली.

माझ्या बंदुकीची नळी बुडाशी एका आकड्यात अडकवलेली आहे. दस्त्यातली पाचर काढली की ती उचलून बाहेर येते. ज्यांच्या नळ्या खिळ्यांनी पक्क्या असतात त्यांना कानात लाकडी काडी खोचून वरून पाणी ओतावं लागतं, म्हणून ते लोक मला नशीबवान म्हणतात. नळीचं बूड बादलीत बुडवायचं, वरून गजाला चिंधी लावून वर-खाली करायचं. गज वर ओढला की कानातून पाणी आत येतं, खाली दाबला की बाहेर. पहिल्याच दाबाला बादलीत शाईसारखी एक काळी रेघ सुटते, पसरते, आणि काही क्षणांत सगळी बादली काळी. बरोबर सडक्या अंड्यांचा वास. आमच्याकडे भारतातून आणलेली आंघोळीची बादली आणि मग ही एकच जोडी आहे. बायको बाथरूमच्या दारात येऊन म्हणाली, ‘अरे, काय मेलंय इथे?’ मी म्हटलं, गंधक आहे, आयुर्वेदात वापरतात. बादली तेव्हापासून माझी झाली. मग परत घेतला गेला.

पाणी कसं हवं, ह्यावर माणसांची मैत्री तुटते. आजोबा उकळत्या पाण्याचे. नळी तापते, आपोआप वाळते. शनिवारचे गृहस्थ म्हणतात, उकळत्या पाण्याने बघता बघता तांबूस गंज धरतो, पाणी गारच हवं. एक जण काच पुसायच्या निळ्या पाण्याने धुतो. एक जण लाकडी फरशीचा साबण, रबिंग अल्कोहोल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड समभाग घेतो, आणि दुसरा त्याला सांगतो की पेरॉक्साइडने पोलाद गंजतं, मग ते दोघं माझ्या टेबलाशी भांडतात. लेथवर वापरायचं पाण्यात विरघळणारं तेल पाण्यात मिसळून दुधासारखं करणारा एक पंथ आहे, आणि साध्या नळाच्या पाण्याचा एक. काळ्या दारूची काजळी पाण्यात विरघळते, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच पाण्यात आणखी काय घालावं ह्याची एवढी चर्चा.

नळी साफ झाली हे कसं ओळखायचं? पांढरी चिंधी आत घातली आणि पांढरी बाहेर आली की. ती येत नाही. काळी येते, मग करडी, मग फिक्कट करडी, आणि मग पुन्हा काळी, कारण ह्या नळीच्या तळाशी कारखान्याने आणखी एक अरुंद खोली काढलेली आहे. दारू तिथे बसते, काजळीही तिथेच बसते, आणि चिंधीचा जाडा गज मात्र तिच्या उंबऱ्यावरूनच परततो. तिच्यासाठी वेगळा बारीक ब्रश लागतो. तो बंदुकीबरोबर मिळत नाही. शेवटी रात्री कधीतरी पांढरी चिंधी पांढरी निघते. तेल लावून बंदूक ठेवून द्यावी, दुसऱ्या दिवशी सकाळी सहज एक चिंधी घालून पाहावी, ती विटकरी निघते.

आणि तेल कुठलं? मशीनचं नेहमीचं खनिज तेल नको म्हणतात, काळ्या दारूबरोबर त्याचं डांबर होतं. प्राण्याचं किंवा वनस्पतीचं लावा. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खूश झाले. त्यांची बंदूक नुकतीच निवडणूक संपवून पोलीस ठाण्यातून परत आली होती. त्यांनी ती कढत पाण्याने धुतली होती, खोबरेल लावलं होतं आणि खुंटीला अडकवली होती. ह्याउप्पर त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. नळीत बघितलंत का, असं मी विचारलं. ‘कित्याक?’ काका म्हणाले.

खोबरेल घरात होतंच, डोक्याला लावायचं. मी ते नळीला लावलं, कळीला लावलं, घोड्याच्या सांध्यात दोन थेंब, झाकणाच्या स्प्रिंगवर एक, त्या अरुंद खोलीत बारीक ब्रशने व्यवस्थित. बंदूक गॅरेजमध्ये ठेवली. गॅरेजला हीटर नाही. जानेवारी होता आणि बाहेर शून्याखाली. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं, हे कोकणात कुणाला फारसं आठवण्याचं कारण नाही. रविवारी सकाळी कान पांढऱ्या बुचाने बंद झालेला, अरुंद खोली काठोकाठ भरलेली, आणि घोडा चढवून सोडला तर तो सावकाश, मोठ्या मानाने खाली आला.

मी तिथूनच काकांना फोन लावला.

‘खोबऱ्याचा तेल गोठता?’ काका म्हणाले. ‘मगे त्येका मी काय करू? तुज्या थयच्या थंडीची चूक.’

मी विचारलं, आता आतलं काढू कसं?

‘कढत पाणी ओत,’ काका म्हणाले.